दोन्ही माद्या म्हणून आणलेल्या सशांना अचानक पिल्लं झाली, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही माद्या आहेत असं सांगून तुम्हाला ससे दिले, आणि आज सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केसांच्या ढिगात सहा उघडी पिल्लं दिसली. आई त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून गाईचं दूध पाजू का, असं तुम्ही विचारलंय. दूध पाजू नका. पण त्याहीआधी दुसरा ससा वेगळ्या पिंजऱ्यात हलवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

सशाची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. तिला ठरावीक माज नसतो, नराशी संग झाला की मग बीज सुटतं. माझ्याकडे बरीच वर्षं ससे आहेत आणि ओळखीपाळखीतले लोक अशा वेळी मला फोन करतात. पहिल्या वेताने कोणी हैराण झालेलं मी पाहिलेलं नाही. हैराण करतं ते महिन्याभराने येणारं दुसरं वेत, कारण तेव्हा पहिली पिल्लं अजून आईजवळच असतात. गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो. आज दोघं एकत्र होती, तर कॅलेंडरवर आजपासून २८वा दिवस खूण करून ठेवा आणि ती पुन्हा गाभण आहे असंच धरून चाला. दहाबारा दिवसांनी जनावरांचे डॉक्टर पोट चाचपून बहुधा सांगू शकतात. ससे आणून महिनाही झाला नसेल तर ती आधीच गाभण आली असेल आणि दुसरी खरोखर मादी असेल, हेही शक्य आहे. पण खात्री होईपर्यंत वेगळंच ठेवा. दोन्ही पिंजरे एकमेकांना चिकटवू नका. जाळीतूनही संग होतो.

आता आईबद्दल. ती पिल्लांजवळ बसत नाही म्हणजे तिने त्यांना टाकलं, असं मुळीच नाही. मांजर किंवा कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन पडते, सशाची मादी तसं करत नाही. सतत जवळ राहिलं तर वास येऊन शिकारी प्राण्याला पिल्लांचा पत्ता लागेल, म्हणून ती लांब राहते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे येते आणि तीन-चार मिनिटांत पाजून निघून जाते. तुम्हाला ते दिसणारच नाही. म्हणून आईकडे बघून अंदाज बांधू नका, पिल्लांची पोटं बघा. दूध मिळालेल्या पिल्लाचं पोट टम्म आणि गोल असतं, कातडी ताणलेली असते. उपाशी पिल्लू सुरकुतलेलं दिसतं, हात लावला की चुळबुळत राहतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ते जन्माच्या वजनाच्या दुप्पट झालेलं असायला हवं. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते असं घरातले म्हणतील, ते पाळीव सशांना लागू नाही. हात धुऊन आधी आईच्या अंगावरून फिरवा आणि मग पिल्लं उचला.

गाईचं दूध का नको? सशाच्या दुधात स्निग्धांश १० टक्क्यांहून जास्त असतो, गाईच्या दुधात जेमतेम चार. शिवाय घाईने ड्रॉपरने पाजलेलं दूध श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू दगावतं. सलग दोन सकाळी पोटं खपाटीला दिसली, तर आईला अलगद धरून पिल्लं तिच्या पोटाखाली लावून बघा. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं. तेही जमलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर सुचवतील आणि किती, कशी द्यायची तेही दाखवतील.

घरटं नीट करून द्या. आई सहज आत-बाहेर करू शकेल पण पिल्लं बाहेर लोळणार नाहीत, एवढ्या उंचीच्या कडांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाशी वाळलेलं गवत पसरा आणि आईने स्वतःच्या अंगावरचे उपटलेले केस सगळेच्या सगळे त्यावर ठेवा. कापूस नको, तो पायांना गुंडाळला जातो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर त्यावर पुठ्ठा किंवा गोणपाट अंथरा. कधीकधी पिल्लू आचळाला धरूनच बाहेर ओढलं जातं. सशाची आई त्याला तोंडात धरून परत आणत नाही, ते काम तुमचं. गार पडलेलं पिल्लू आधी तळहातात ऊब देऊन मगच घरट्यात ठेवा. रोज मोजा, मेलेलं असेल तर लगेच काढा. आणि मुंग्या! आपल्याकडे नवजात पिल्लं मुंग्यांमुळे फार जातात. पिंजरा स्टुलावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मांजर आणि उंदीर यांच्यापासून जपायचं हे वेगळं सांगायला नको.

सशाला पाणी लागत नाही हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. पाजणाऱ्या मादीला पाणी कमी पडलं तर दूध आटतं, म्हणून तिच्यासमोर जड वाडग्यात पाणी कायम हवं. या काळात लसूणघास भरपूर द्या. चारा विकणाऱ्यांकडे ती मिळते. त्याबरोबर हरळी, वाळलेलं गवत, थोडी कोथिंबीर चालेल. पोळी, बिस्किटं, भात नको. उन्हाळा असेल तर बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आईजवळ ठेवा. ३० अंशांच्या वर पारा गेला की सशांना त्रास होतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तर जिवावर बेततं.

पुढचं बरंचसं आपोआप होतं. दहाबारा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर येऊन गवत कुरतडू लागतात. शक्यतो आठ आठवडे आईजवळ राहू द्या. दुसरं वेत येणारच असेल, तर मात्र २८व्या दिवसाच्या सुमारास पहिली पिल्लं वेगळी करावी लागतील.

दहा आठवड्यांचे झाले की नर आणि मादी वेगळे करा, बाराच्या पुढे तर अजिबात थांबू नका. चौथ्या महिन्यात बहीण-भाऊही एकमेकांपासून पिल्लं देतात, आणि नर पिल्लाला आईही वर्ज्य नसते. लहानपणी नर-मादी ओळखणं खरोखर अवघड असतं, तुमच्याकडे गोंधळ झाला तो त्यामुळेच. दहाव्या आठवड्यात अनुभवी माणसाकडून पुन्हा तपासून घ्या.

पिल्लं कुणाला द्यायची यात मी फार कडक आहे. वाढदिवसाची भेट म्हणून देऊ नका. फुकट मागणाऱ्याला कशासाठी हवंय ते स्पष्ट विचारा, कारण काही जण मटणासाठीच येतात. टेकडीवर किंवा बागेत सोडून देण्याचा विचारही करू नका. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. आपला रानससा हा वेगळाच प्राणी आहे, त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊनच जन्मतात. पाळीव ससा आपल्या माळावर कुत्र्यांच्या तावडीत सापडायला एक रात्र पुरते.

नराची नसबंदी करून घ्या, साधारण चार महिन्यांनंतर ती करता येते. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तोवर वेगळंच ठेवा. मादीचीही करावी असं माझं मत आहे, कारण वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. पण पाजणं पूर्ण संपल्यावरच. डॉक्टरांना सशांना भूल देण्याचा अनुभव आहे का, हे आधी विचारा. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कोणी म्हणालं तर दुसरे डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतड्यांचं काम थांबतं. जवळपास कोणी नसेल तर मुंबईत परळ, साताऱ्याजवळ शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा.

दोघांची जोडी तुटेल याची काळजी करू नका. मधे वीतभर अंतर सोडून पिंजरे समोरासमोर ठेवा, म्हणजे ते एकमेकांना दिसत राहतील. नसबंदीनंतरची मुदत संपली की दोघांनाही परक्या असलेल्या खोलीत, तुमच्यासमोर, रोज थोडा वेळ एकत्र सोडत जा.