बहिणीच्या रिपोर्टमध्ये ‘डिसेक्टिंग अ‍ॅन्युरिझम’ आलाय. एक डॉक्टर थांबा म्हणतात, दुसरे स्टेंट टाका म्हणतात. कोणाचं ऐकू?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. असे एमआरआय माझ्याकडे क्वचितच येतात, पण आले की दिवसभर डोक्यात राहतात. मानेत मागे एका बाजूला अचानक दुखू लागलं, रक्तस्राव नव्हता आणि मग व्हर्टेब्रल धमनीत (मानेतून मेंदूकडे जाणारी मागची धमनी) हे सापडलं, असं तुम्ही लिहिलंय. सगळा निर्णय त्या ‘रक्तस्राव नव्हता’वर फिरतो.

नेहमीचा अ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या भिंतीचा फुगवटा, धमनीला फाटे फुटतात तिथे येतो, त्याला अरुंद बुंधा म्हणजे ‘मान’ असते, ती क्लिपने बंद करता येते. इथे मानच नसते. धमनीचं आतलं अस्तर चिरतं आणि रक्त भिंतीच्या थरांत शिरतं. आतल्या बाजूला साचलं तर वाट अरुंद होऊन स्ट्रोकची भीती. बाहेरच्या थराकडे सरकलं तर भिंत फुगते. कवटीच्या आत हा थर फार पातळ, म्हणून ती फुटूही शकते.

फुटलेला असता तर थांबण्याचा प्रश्नच नव्हता. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो. तेव्हा शक्य असेल तर कॉइल (धातूच्या तारेची बारीक वेटोळी) भरून धमनीचा तेवढा भागच बंद करतात. मात्र दुसऱ्या बाजूची धमनी भक्कम हवी आणि लहान मेंदूची शाखा तिथून निघत नसावी.

न फुटलेले बरेचसे काही महिन्यांत आपसूक भरून येतात. स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी, टाकला की रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, त्यांचा स्वतःचा धोका असतो. म्हणून ‘थांबा’ म्हणणारे डॉक्टर हयगय करताहेत असं मला वाटत नाही. पण थांबणं म्हणजे रक्तदाब आटोक्यात आणि स्कॅन वेळेवर. आकार सुरुवातीच्या आठवड्यांतच झपाट्याने बदलतो, त्यामुळे पुढचा स्कॅन थेट तीन महिन्यांनी ठेवला असेल तर मी तरी तो अलीकडे घ्यायला सांगेन. भिंतीतलं रक्त एमआरआयच्या टी-वन फॅट सॅच्युरेशन चित्रात (यात चरबीची चमक दाबलेली असते) चंद्रकोरीसारखं पांढरं दिसतं, पण पहिले काही दिवस तेही लपून राहतं. फुगवटा वाढला किंवा औषधं चालू असूनही स्ट्रोक आला, तर मीही दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने जाईन.

अ‍ॅस्पिरिन स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. अचानक भयंकर डोकं दुखलं, गिळता येईना, तोल जाऊ लागला, तर तडक इमर्जन्सी गाठा. आणि प्रत्येक स्कॅनची सीडी जपून ठेवा. नुसत्या कागदी रिपोर्टवरून फुगवटा वाढला की नाही हे आम्हाला मोजता येत नाही.