मिश्रणं वेगळी करण्याच्या पद्धती पाठ आहेत, तरी मुलगी पेपरात चुकते. घरी कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे साताऱ्याहून इंदूरला आलात, मुलगी आठवीपर्यंत मराठी माध्यमात होती आणि आता इथे नववीला हिंदी माध्यमात आहे. पद्धतींची नावं ती घडाघडा म्हणते, पण 'अमुक मिश्रण कसं वेगळं कराल' असा प्रश्न आला की गडबडते. चाचणीत तिनं खाऱ्या पाण्यातून पिण्याचं पाणी मिळवायला 'ऊर्ध्वपातन' लिहिलं आणि बाईंनी शून्य दिलं.

मी इथलाच मराठी, पंचवीसेक वर्षं नववी-दहावीच्या शिकवण्या घेतोय. आधी त्या शून्याबद्दल. मुलीचं चुकलेलं नाही आणि बाईंचंही नाही. आपल्या मराठी पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणजे पाणी उकळायचं, वाफ थंड करून पुन्हा पाणी मिळवायचं. हिंदीत त्याला म्हणतात आसवन. आणि हिंदीतलं ऊर्ध्वपातन म्हणजे आपलं संप्लवन, कापूर तापवला की द्रव न होता थेट वायू होतो ते. म्हणजे बाईंनी वाचलं की ही पोरगी समुद्राचं पाणी कापरासारखं उडवणार आहे! माझ्याकडे दर दोन-तीन वर्षांनी महाराष्ट्रातून आलेलं एखादं पोर याच खड्ड्यात पडतं. दुसरा खड्डा 'वायु'. आपल्याकडे वायू म्हणजे कुठलाही वायू, स्थायू-द्रव-वायूतला. हिंदीच्या पुस्तकात वायु म्हणजे बहुधा हवा, आणि आपल्या वायूला ते गैस म्हणतात. बाकीचे शब्द नुसते वेगळे आहेत, फसवे नाहीत. स्थायूला ठोस, द्रावणाला विलयन, गाळण्याला निस्यंदन, निवळलेलं पाणी वरच्यावर ओतून घेण्याला निस्तारण. हे सगळं एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवा, आठवड्यात बसेल.

खरी अडचण मात्र शब्दांची नाही. पोरं पद्धती पाठ करतात आणि मग मिश्रणाला पद्धत चिकटवायला बघतात. मी वर्गात एकच प्रश्न विचारत राहतो, इतका की पोरं माझी नक्कल करतात: 'फरक कशात?' मिश्रणात जे दोन पदार्थ आहेत, ते एकमेकांपासून कशात वेगळे आहेत? आकारात, वजनात, विरघळण्यात, उकळण्यात, की लोहचुंबकाला चिकटण्यात? फरक सापडला की पद्धत आपोआप येते, तिचं नाव आठवलं नाही तरी.

याचा सगळ्यात भारी धडा मला शाळेत नाही, सराफ्यात मिळाला. आमचं जुनं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. तुम्ही सराफा बघितला असेल तो रात्रीचा, भुट्ट्याचा कीस आणि जिलबीवाला. पण तो दिवसा सोन्याचांदीचा बाजार आहे, आणि पहाटे तिथे न्यारिये येतात. महाराष्ट्रात ज्यांना झारेकरी म्हणतात तेच. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ, नालीतला गाळ ब्रशनं खरवडून गोळा करतात. सोनं घासताना, कापताना जे कण उडतात ते त्यात असतात. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या ओट्यावर बसून काम करायचा आणि मी शाळा बुडवून बघायचो.

आधी खडे, चिंध्या, पानाच्या पुड्या हातानं वेचून बाजूला. मग उरलेला केर भाजायचा, म्हणजे कागद, लाकडाचा भुसा, आदल्या रात्रीचं खाऊगल्लीचं तेल जळून जायचं. राख चाळायची. तिच्यात लोहचुंबक फिरवायचा, त्याला कानशीचा लोखंडी कीस चिकटून यायचा. मग पसरट लोखंडी तसराळ्यात पाणी घालून तो ते गोल गोल हलवायचा आणि कडेवरून गढूळ पाणी सांडत राहायचा. माती पाण्याबरोबर निघून जायची आणि तळाला चिमूटभर काळसर रेघ उरायची. सोन्याची घनता 19.3, वाळूची 2.6 च्या आसपास. एवढा फरक असल्यावर नुसतं पाणी हलवणं पुरतं. शेवटी त्या रेघेत पारा. सोनं पाऱ्यात मिसळतं, माती मिसळत नाही. मग पारा फडक्यातून पिळायचा, आत जो गोळा उरेल तो तापवायचा. पारा 357 अंशांना उकळून उडून जातो, सोनं जागेवर. (हे मी आता लिहितोय खरं, पण पाऱ्याची वाफ हे जहर आहे. म्हातारा उघड्यावर तापवायचा आणि मी शेजारी बसायचो. मुलीला ही गोष्ट सांगा, प्रयोग म्हणून अजिबात नको.) त्यापुढे तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल. त्यात चांदी-तांबं विरघळतं, सोनं नाही. पण ही, आणि आधीचं ते केर जाळणंही, रासायनिक क्रिया झाली, त्यांना भौतिक पद्धतींच्या यादीत घालू नका. परीक्षेत नेमकं इथेच विचारतात.

मोजून बघा, एका मूठभर केरासाठी सहा-सात पद्धती, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात एवढंच होतं की आता उरलेल्यात फरक कशात.

आता घरचं काम. लोणी कढवता ना घरी? आमच्याकडे ते माझं खातं आहे, बायको म्हणते तेवढंच एक नीट जमतं मला. पुढच्या वेळी मुलीला शेगडीपाशी उभी करा आणि डोळे मिटून आवाज ऐकायला सांगा. लोण्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात, ते उकळून वाफ होतात, म्हणून ती तडतड. पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं, कारण दिलेली उष्णता वाफ करण्यात खर्च होते. हाच तो अप्रकट उष्मा, ज्याचा आलेख पुस्तकात आडव्या रेषेनं काढलेला असतो. पाणी संपलं की आवाज एकदम बसतो, आणि तिथून तापमान भराभर चढतं. म्हणूनच तडतड थांबल्यावर दोन मिनिटं दुर्लक्ष केलं तर बेरी करपते. मग गाळणं: तूप खाली, बेरी वर. एका पातेल्यात बाष्पीभवन झालं, गाळण झालं, आणि तूप हळूहळू गार होऊ दिलंत तर रवाळ होईल, म्हणजे स्फटिकही झाले. घाईनं फ्रीजमध्ये ठेवलंत तर रवा बारीक. मोठ्या स्फटिकांना वेळ लागतो.

आणखी एक. इथल्या एप्रिलमध्ये तुपाची बरणी बघा, खाली दाणे आणि वर पातळ, दोन्ही एकदम. बर्फ शून्य अंशाला वितळतो, एका ठरलेल्या ठिकाणी. तूप मात्र बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात सावकाश वितळत जातं, कारण ते वेगवेगळ्या स्निग्ध पदार्थांचं मिश्रण आहे. डब्यावर 'शुद्ध' लिहिलेलं असलं तरी विज्ञानाच्या पेपरात ते शुद्ध नाही. यावर पोरं खूश होतात.

मीठ आणि साखरेचा प्रश्नही हातानं करून घ्या. 100 ग्रॅम पाण्यात मीठ साधारण 36 ग्रॅम विरघळतं आणि पाणी उकळत्याजवळ नेलं तरी जेमतेम 39. साखर गार पाण्यातच 200 ग्रॅमच्या आसपास, आणि उकळत्या पाण्यात पावणेपाचशेच्या वर. म्हणून खडीसाखर करायची तर गरम पाक थंड होऊ द्यायचा, आणि मिठागरात मात्र पाणी उन्हानं उडवल्याशिवाय गत्यंतर नाही. 'स्फटिकीकरण कधी आणि बाष्पीभवन कधी' याचं उत्तर या आकड्यांत आहे. मीठ आणि साखर एकमेकांत मिसळली तर? माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं आणि मी वर्गात पाच मिनिटं गप्प होतो. दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी, फरक शोधावा लागतो. गरम संपृक्त पाण्यातून, म्हणजे आणखी काही विरघळणार नाही इतकं भरलेल्या पाण्यातून, गार करून बरीच साखर निघेल, पूर्ण निघणार नाही. तसंच सांगितलं तिला.

कधीकधी फरक पुरेसा नसतो, तो तयार करावा लागतो. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं 1978 पासून, जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून उचलून. पावसाळ्यात नदी गढूळ, आणि चिकणमातीचे कण इतके बारीक की दिवसभर ठेवलं तरी खाली बसत नाहीत. सगळ्यांवर ऋण प्रभार, एकमेकांना ढकलत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो प्रभार मारतं, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि बसतात. पूर्वी माठात तुरटी फिरवायचे ते यासाठीच. एक गढूळ ग्लास तुरटी फिरवून आणि एक तसाच, रात्रभर शेजारी ठेवा. (निवळलेलं म्हणजे जंतुरहित नव्हे, हेही सांगा, नाहीतर पिऊन बघेल.)

स्थायू-द्रव-वायू या अवस्थांबद्दल एवढंच. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर न्या तिला. इथे पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असतं. जो पांढरा धूर दिसतो त्याला पोरं वायू म्हणतात. ते पाण्याचे बारीक थेंब आहेत, द्रव. खरी वाफ दिसतच नाही. घरी किटलीच्या चोचीशी नीट बघितलं तर अर्धा-एक इंच मोकळी जागा असते, धूर त्यापुढे सुरू होतो. ती मोकळी जागा म्हणजे वाफ. आणि प्रयोगशाळेत पाणी उकळताना थर्मामीटर 98 दाखवला तर तो बिघडलेला नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, इथे पाणी थोडं आधीच उकळतं. वहीत 98 च लिहायला सांगा.

बाईंना तो मराठी-हिंदी शब्दांचा कागद एकदा नेऊन दाखवा, गुण वाढवून मागू नका. आणि तुपाची बेरी टाकू नका. गरम आहे तोवर साखर घालून मुलीला द्या.