दवाखान्यातलं प्रशिक्षण: सुरुवात केस पेपरच्या खिडकीपासून करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या तुमच्या संस्थेच्या दवाखान्यात ट्रान्सजेंडर आणि समलिंगी लोक एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून नर्स, समुपदेशक आणि आशाताईंसाठी प्रशिक्षण ठेवायचंय, पुण्याहून कुणाला बोलवावं, असं तुम्ही विचारलंत. स्पष्टच सांगते. पाहुणे नंतर ठरवा, आधी तुमची केस पेपरची खिडकी बघा. वॉचमन, आया आणि केस पेपर लिहिणारे यांना पहिल्या रांगेत बसवा. माणूस परत जातो तो डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधीच.

आपल्याकडचा फॉर्म बहुतेक कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेला माणूस तो रांगेतल्याच कुणाकडून तरी भरून घेतो. म्हणजे आधारवरचं नाव, लिंग, तक्रार, सगळं गावभर. वर खिडकीतून ते नाव मोठ्यानं पुकारलं जातं, साडी नेसलेली व्यक्ती उठते आणि अख्खी रांग वळून बघते. निपाणीची माणसं कोल्हापूरला, अथणीकडची मिरजेला जातात ती काही फक्त चांगल्या डॉक्टरसाठी नाही, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनही जातात. तेव्हा हाक टोकन नंबरनं मारा. फॉर्म कर्मचाऱ्यानं बाजूला बसून भरून द्यावा, आणि ‘तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?’ एवढं हळू आवाजात विचारावं.

सौंदत्तीच्या यल्लम्मामुळे जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या ट्रान्स व्यक्ती, आपल्याला नवे नाहीत, त्यामुळे कर्मचारी ‘आम्हाला सगळं माहितीये’ म्हणतील. पण डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन दारात आलेल्या जोगप्पाच्या पाया पडणारी बाईच ओपीडीच्या बाकावर त्यांच्यापासून सरकून बसते, हे मी पाहिलंय. शिवाय प्रत्येक ट्रान्स व्यक्ती जोगप्पा नसते. ट्रान्स पुरुष (जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदलेला, पण पुरुष असलेला) किंवा बायको-मुलं असलेला समलिंगी पुरुष तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

व्याख्यांवर वेळ घालवू नका, प्रसंग करून घ्या. ट्रान्स बाई ताप घेऊन आलीय, नर्सनं काय विचारायचं? ताप कधीपासून, थंडी वाजते का, लघवीला जळजळ होते का. ऑपरेशन झालंय का, हा प्रश्न आजाराशी संबंध असेल तरच, आणि का विचारतोय ते आधी सांगून. एचआयव्ही तपासणीची चिठ्ठी आपोआप लिहायची नाही. २०१७ च्या कायद्यानं त्याला संमती लागते. दुसरा प्रसंग: आई-वडील सज्ञान मुलीला घेऊन येतात, ‘हिला मुली आवडतात, हिला सुधारा’ म्हणतात. समुपदेशकानं तिच्याशी एकटीशी बोलायचं, आणि ती काय बोलली ते आई-वडिलांना सांगायचं नाही. असल्या ‘उपचारां’ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हेही सांगून टाका.

कायद्याचं अर्ध्या तासात आटपा. ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल, सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा २०१८ चा कलम ३७७ वरचा निकाल, आणि २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, एवढं पुरे. तुमच्याकडे नेमलाय का? त्यांचं नाव आणि फोन कन्नड-मराठी दोन्हीत भिंतीवर लावा.

शिकवायला बेळगाव भागातल्याच ट्रान्स व्यक्तींना, जोगप्पांना बोलवा. त्यांना आपली कहाणी सांगत बसायला लावू नका. तुमच्या दवाखान्यात फिरवा आणि कुठं अडतं ते कर्मचाऱ्यांसमोर बोलू द्या. मानधन डॉक्टर पाहुण्यांना द्याल तेवढंच, आणि त्याच दिवशी हातात द्या.