1929 सारखी महामंदी पुन्हा आली, तर बँकेतले पैसे सुरक्षित राहतील का?

ठेव विम्यामुळे 5 लाखांपर्यंत राहतील. त्यात मुद्दल-व्याज दोन्ही आलं, आणि तेही एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतलं मिळून. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. अर्बन बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या सारख्याच दिसतात, तेवढं बघून घ्या.

पण महामंदीत ठेवीदारांइतकेच कर्जदारही बुडाले. शेअर गडगडले 1929 च्या ऑक्टोबरात. अमेरिकेतल्या सुमारे 9,000 बँका बुडाल्या त्या पुढे 1933 पर्यंत. अर्व्हिंग फिशर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने त्याच वर्षी मांडलं: हप्त्यासाठी सगळेच एकदम विकायला काढतात, म्हणून भाव पडतात, आणि फेडत राहूनही कर्ज जडच होत जातं.

हे बघायला न्यूयॉर्क कशाला, आमची गोव्यातली डिचोली पुरे. खाणीतलं लोहखनिज वाहणाऱ्या टिपरसाठी 15 लाखांचं कर्ज, 12 टक्के व्याज, 4 वर्षं मुदत धरा. हप्ता 39,500. वर्षभर एकही न चुकवता भरला तरी 11 लाख 89 हजार बाकी राहतात, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असतो. आता फेऱ्या थांबल्या. नुसतं व्याजच महिन्याला सुमारे 11,900 चढतं, वर इन्शुरन्स. टिपर विकावा, तर त्याच आठवड्यात पाळी, वेळगे, उसगाव सगळीकडचे विकायला निघालेले. घेणारा 7 लाख म्हणाला, तर गाडी जाऊनही जवळजवळ 5 लाखांचं कर्ज डोक्यावर उरतं.

‘कोर्टाने बुडवलं’ हे सांखळीत आजही कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खाणी सप्टेंबर 2012 मध्ये बंद झाल्या. लोहखनिजाचा चीनमधला भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला 190 डॉलरच्या आसपास होता, तो बंदीच्याच महिन्यात 90 च्या खाली होता. हा भाव 62 टक्के लोहाच्या मालाचा. आपला माल बहुतेक 58 च्या आतला, त्याला त्याहून कमी. त्यात तेव्हा निर्यात शुल्क 30 टक्के. 2014 च्या एप्रिलमध्ये कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, आणि 2015 संपताना भाव 40 च्या खाली. खाण उघडी, पण फेरी कुठे? बीजिंगच्या तेजीत हप्ता ठरवला आणि तो भाव कायमचा धरला, खोट तिथे होती.

बंदीने काहीच केलं नाही असं मात्र नाही. भाव अर्धा झाला तर फेऱ्या कमी होतात. बंदीने त्या एका दिवसात शून्यावर आणल्या, आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा तेच. तरी हातात 6 हप्त्यांइतके पैसे शिल्लक असलेल्याला गाडी विकायची घाई नव्हती. दुसरा टिपर पहिल्याच्या भरवशावर उचलणाऱ्याकडे ते 6 हप्ते असणार कुठून?