सौर प्रकल्प, भाडेपट्टा आणि बँक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी विकासक पैसा उभा करतो, प्रकल्प बांधतो आणि चालवतो. सरकार स्वतःकडची किंवा शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली जमीन आणि सबस्टेशनची जोडणी देते, महावितरण २५ वर्षे वीज विकत घेते. शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला (फीडरला) दिवसा वीज मिळावी, हा हेतू. या भागीदारीविषयी आणि सरकारी निधीविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत.

बीड जिल्ह्यात माझी १२ एकर मुरमाड जमीन सबस्टेशनपासून दीड किलोमीटरवर आहे. एक मध्यस्थ म्हणतो, आधी पैसे भरा, मग कंपनी भाडे चालू करील. विश्वास ठेवावा का?

मध्यस्थाच्या हातात एक रुपयाही देऊ नका. मोजणी, शोध अहवाल (जमिनीच्या मालकीची तपासणी), मुद्रांक शुल्क आणि दस्तनोंदणी हा विकासकाचा खर्च, असे करारातच लिहून घ्या.

योजनेतला दर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या शासकीय मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी जास्त असेल तो. १२ एकर म्हणजे ४.८६ हेक्टर, म्हणजे वर्षाला किमान ६ लाख ७ हजार रुपये. दरवर्षीची वाढ मूळ दराच्या ३ टक्के, सरळ पद्धतीने. म्हणजे दहाव्या वर्षी हेक्टरी दर १,५८,७५० रुपये होतो. खासगी कंपनीशी थेट करार करणार असाल, तर हे आकडे आपोआप लागू होतील असे धरू नका. करारात छापलेले असतील तेच तुमचे.

लोक फसतात ते बहुतेक चार ठिकाणी. पहिले, भाडे कधीपासून? 'प्रकल्प सुरू झाल्यावर' असे लिहिले असेल आणि प्रकल्प दोन वर्षे रखडला, तर जमीन अडकते आणि हाती काहीच येत नाही. सही झाल्याच्या तारखेपासून भाडे मागा. दुसरे, तारण. विकासक बँकेकडे भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवू शकतो, तुमची मालकी नाही. हे वाक्य स्पष्ट हवे. तिसरे, मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट आणि केबल कोण काढणार? चौथे, परस्पर पोटभाडे किंवा हस्तांतर. त्याला तुमची लेखी संमती लागावी.

त्याआधी सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा किंवा बहिणींची नावे असतील, तर तो विषय आधी मिटवा. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरीच्या कागदावर भागत नाही. आणखी एक गोष्ट उशिरा कळते: हे भाडे शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्यावर आयकर लागतो.

आमच्या गावाच्या गायरानावर प्रकल्प येतोय. ग्रामपंचायतीने काय मागावे? (सरपंच)

योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे निधी आहे. पण कुंपण पडण्याआधी ग्रामसभेत नकाशा मांडून गुरांची वाट, पाणवठा आणि ओढ्याचा उतार दाखवून घ्या. नंतर भांडण होते ते वाटेवरूनच. एका मेगावॅटला ५४० वॅटची सुमारे १,८५० पॅनेल लागतात. प्रत्येकी २ ते ३ लिटर धरले तर एका धुण्याला पावणेचार ते साडेपाच हजार लिटर पाणी. ते गावाच्या नळयोजनेतून घेणार नाही, हे ठरावात लिहा.

आम्ही काही शेतकरी मिळून २ मेगावॅटचा प्रकल्प करू पाहतोय. बँक काय तपासते, आणि कुठे बिघडते?

बँक मुख्यतः उत्पन्नातून हप्ता भरता येतो का, हे पाहते. हिशेब असा मांडा. मेगावॅटला साडेतीन कोटी धरले तर खर्च ७ कोटी. पीएम-कुसुम या शेतीसाठीच्या केंद्रीय सौर योजनेच्या फीडर सौरीकरण घटकातले केंद्राचे साहाय्य मेगावॅटला जास्तीत जास्त १.०५ कोटी, म्हणजे २.१ कोटी. उरलेल्या ४.९ कोटींपैकी ७० टक्के कर्ज घेतले तर कर्ज ३.४३ कोटी आणि स्वतःचे १.४७ कोटी. १९ टक्के क्षमता वापराने (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर झाली असती त्याच्या १९ टक्के वीज) वर्षाला सुमारे ३३ लाख युनिट होतात. दर ३ रुपये धरला तर उत्पन्न एक कोटीच्या आसपास. १० टक्के व्याजाने १२ वर्षांचा हप्ता वर्षाला जवळपास ५० लाख. देखभाल आणि भाडे मिळून १५ लाख धरले, तरी हप्ता भरता येतो.

मग बिघडते कुठे? केंद्राचे पैसे प्रकल्प सुरू झाल्यावर येतात. तोवरचे २.१ कोटी कुठून आणणार, हे आधी ठरलेले हवे. सहा महिने उशीर झाला तर नुसते व्याजच साडेदहा लाख. दुसरे, फीडर बंद असेल तेवढा वेळ तुमची वीज वाया जाते. दिवसाच्या वेळेत १ टक्का बंद म्हणजे वर्षाला सुमारे एक लाखाचा तोटा, म्हणून ग्रिड उपलब्ध नसताना भरपाईचे कलम वीजखरेदी करारात शोधा. तिसरे, पावसाळ्यात पंप थांबतात आणि वीज रोहित्रातून उलट ३३ केव्हीच्या उच्चदाब वाहिनीकडे जाते. रोहित्राची क्षमता तेवढी आहे का, हे निविदा भरण्याआधीच महावितरणच्या कार्यालयात विचारा.

काळ्या मातीत आणखी सांभाळा. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. उथळ पाया वर उचलला जातो, खांब कलतात, काचेला तडे जातात. माती परीक्षण आणि खांब उपसण्याची चाचणी याच्याशिवाय आराखडा पक्का करू नका. पायाचे काम जूनआधी संपवा.

पुण्यात आमची बॅटरी व्यवस्थापन प्रणाली बनवणारी छोटी कंपनी आहे. प्रयोगशाळेत काम होते, बाजारात नाही. सरकारी पैसा कुठे?

प्रयोगशाळेबाहेर पडताना केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाकडे जा. मंडळ प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देते. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीही आहे. तोही अनुदान नाही, दीर्घ मुदतीचे कमी व्याजाचे कर्ज किंवा भागभांडवल आहे, आणि तंत्रज्ञान सिद्धतेच्या ९ पायऱ्यांपैकी चौथी किंवा त्यापुढची गाठलेल्यांसाठी आहे. नुसते 'चालते' असे लिहून अर्ज टिकत नाही. ४५ अंश तापमानात चार्ज-डिस्चार्जच्या किती चक्रांनंतर क्षमता किती उरली, याची बाहेरच्या स्वतंत्र प्रयोगशाळेची नोंद जोडा. विद्यापीठासोबत काम केले असेल, तर पेटंट कोणाच्या नावावर राहील हे अर्जाआधीच लेखी ठरवा.