सिटोलला सतार म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : "लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक कोरीव मध्ययुगीन तंतुवाद्य आहे. जुन्या पुस्तकात त्याला 'गिटर्न' म्हटलंय, नव्यात 'सिटोल'. मराठीत सरळ 'सतार' लिहिलं तर? तिन्ही शब्द एकाच घराण्यातले वाटतात."

दोन एका घराण्यातले, तिसरा नाही. 'सतार' फारसी 'सेतार'वरून आली. 'से' म्हणजे तीन, आपल्या 'त्रि'चाच भाऊ, आणि 'तार' ती तारच. एकतारी, दोतारा, सेतार अशी ही सरळ मोजणी आहे. सतारीवरच्या सहा-सात तारा पाहून 'सात तारांची ती सतार' अशी फोड अजूनही ऐकू येते. ती ऐकायला गोड आहे, पण चूक आहे.

गिटर्न आणि सिटोल मात्र, गिटार, सिटर्न आणि झिदरसकट, ग्रीक 'किथारा'कडे जातात. गंमत म्हणजे किथाराला मान, म्हणजे बोटं जिच्यावर फिरतात तो भाग, नव्हतीच. दोन उभे बाहू, वर आडवी दांडी आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा, असं ते वाद्य. नाव पुढे गेलं, वाद्य मागे राहिलं. आपल्या 'वीणे'चंही हेच झालं. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर दिसते ती धनुष्यासारखी वाकलेली, आणि दिंडीत वीणेकऱ्याच्या गळ्यात असते ती अगदीच निराळी. शब्द एकच.

आता गिटर्न की सिटोल? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस गॅल्पिन या अभ्यासकाने या सपाट पाठीच्या वाद्याला 'गिटर्न' ठरवलं आणि पुढची सहा-सात दशकं सगळे तेच म्हणत राहिले. नाव गिटारच्या जवळचं आणि आकारही साधारण तसा, मग शंका कोण घेणार? 1977 मध्ये लॉरेन्स राइट यांनी दाखवून दिलं की नावांची अदलाबदल झाली आहे. जुने मजकूर नीट वाचले तर गिटर्न म्हणजे ल्यूट या जुन्या युरोपी तंतुवाद्यासारखं, पण छोटं, फुगीर पाठीचं वाद्य. पंधराव्या शतकाच्या शेवटी टिंक्टोरिस हा संगीतशास्त्री त्याला कासवाच्या आकाराचं म्हणतो. लंडनच्या वाद्याला कासव म्हणायला फारच कल्पनाशक्ती लागेल! तेव्हा ते सिटोल. शब्दांच्या अभ्यासाने म्युझियममधल्या वस्तूची पाटी बदलावी, असे प्रसंग थोडे. म्हणून मला ही गोष्ट आवडते.

वस्तूही बघण्यासारखी आहे. साधारण 1300 च्या आसपासची, लांबी जेमतेम दोन फूट. पाठ, कडा आणि मान हे सगळं बॉक्सवूड या लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेलं. अंगभर पानं, वेली, शिकारीची दृश्यं. मान इतकी जाड की मूठ बसणार नाही, म्हणून तिला आरपार भोक ठेवलंय. वाजवणाऱ्याने अंगठा त्यातून घालायचा. सिटोल चित्रांत आणि चर्चच्या शिल्पांत पुष्कळ दिसते, पण प्रत्यक्षात हाती लागण्याजोगी उरली ती ही.

उरली तीही वेषांतर करून. सोळाव्या शतकात कुणीतरी वरची लाकडी फळी बदलून तिचं व्हायोलिन केलं. तिच्या चांदीकामावर पहिल्या एलिझाबेथ राणीची आणि लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली याची चिन्हं आहेत, 1578 हे सालही आहे. म्हणजे आज जिला आपण सिटोल म्हणतो, तिच्यावर तारा आहेत त्या गजाने वाजवायच्या. 'मूळची सिटोल, पुढे व्हायोलिन केलेली' असं लिहिलंत तर कुणाचंच नाव चुकणार नाही.

'सतार' मात्र नको. मिरजेची सतार ऐकलेल्या वाचकाच्या डोळ्यासमोर लगेच भोपळा आणि लांब दांडी येईल, आणि तुमच्या वाद्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. अनोळखी शब्द बरा, चुकीचं चित्र नको. पहिल्यांदा येईल तिथे 'सिटोल हे छेडून वाजवायचं छोटं तंतुवाद्य' एवढं लिहा आणि पुढे नुसतं सिटोल.

राहिला लिंगाचा प्रश्न, तो तुम्ही विचारला नाहीत पण लिहिताना अडेलच. हिंदीत सितार पुल्लिंगी, आपल्याकडे सतार स्त्रीलिंगी. गिटार, वीणा, सारंगी यांचंही तसंच. तंबोरा तेवढा 'तो'. मी वर सगळीकडे 'ती सिटोल' लिहिलं आहे, ते या सख्यांच्या जोरावर.