नारायणरावांची बायको कुठे होती?

प्रश्न : परवा माहेरच्या पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवायला नेलं होतं. 'काका, मला वाचवा'ची गोष्ट ऐकून आठवीतल्या माझ्या लेकीनं विचारलं, "तेव्हा त्यांची बायको कुठे होती?" मला काहीच सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, लेकीला माझी शाबासकी द्या. पुण्यातल्या शाळेत मी २९ वर्षं इतिहास शिकवला, पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंचं नाव वर्गात एकदाही आपणहून काढलं नाही. त्याची खंत वाटते.

३० ऑगस्ट १७७३. ऐन गणेशोत्सवात गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, वाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांना मारलं. ते अवघे १८ वर्षांचे, गंगाबाई त्यांच्याहूनही लहान. थोरली जाऊ रमाबाई थेऊरला सती गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. आणि गंगाबाईंना दिवस गेले होते. बाळाच्या जन्मतारखेवरून मागे मोजलं तर जेमतेम महिना-दीड महिना. ज्या घरात नवऱ्याचा खून झाला, त्याच घरात ही पोर पोटातलं सांभाळत राहिली, आणि गादीवर बसला तो चुलतसासरा राघोबादादा. ते दिवस तिनं कसे काढले असतील, या विचारानं मला आजही गलबलून येतं.

सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके वगैरे कारभाऱ्यांनी दादांविरुद्ध एकजूट केली, तेच बारभाई. त्यांची सगळी भिस्त गंगाबाईंच्या बाळंतपणावर. दादा मोहिमेवर गेलेले असताना, १७७४ च्या सुरुवातीला, त्यांनी तिला पुरंदरावर हलवलं.

सोबत होत्या पार्वतीबाई, पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. भाऊ जिवंत आहेत ही त्यांची श्रद्धा. त्यांनी कुंकू कधी पुसलंच नाही. एक नवऱ्याचा मृत्यू न मानणारी, दुसरी नवऱ्याच्या खुनानंतर त्याचं मूल पोटात घेऊन आलेली. गडावरच्या त्या महिन्यांत या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील?

१८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, सवाई माधवराव. ४० दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मुलगी झाली तर बदलता यावं म्हणून गडावर दुसऱ्या गरोदर बायका ठेवल्या आहेत, अशी कंडीही तेव्हा पिकली होती. बाळंतिणीच्या आईपणावर असा संशय! दादा इंग्रजांकडे गेले, १७७५ ला सुरतेचा तह झाला आणि लढाई पेटली. १७७७ मध्ये गंगाबाई वारल्या. लेक तीन वर्षांचा होता.

वाड्याचा नारायण दरवाजा नारायणरावांच्या नावानं ओळखला जातो. गंगाबाईंची आठवण लेकीला दाखवायची असेल, तर पुरंदरावर सवाई माधवरावांचं जन्मस्थान दाखवा. गड लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र न विसरता बरोबर ठेवा.